पूर्णविराम पुढे गेले तेव्हा

लष्करातून निवृत्त झालेल्यांचा तो मोटरसायकल क्लब होता आणि त्यात एका गृहस्थांना सगळे पूर्णविराम म्हणत. रांगेत सर्वांत मागची गाडी त्यांची. त्यांच्यानंतर वाक्य संपलं, असा अर्थ. नाव कॅप्टनसाहेबांनी, म्हणजे क्लबच्या अध्यक्षांनी ठेवलं होतं. पूर्णविरामांना ते आवडतं की नाही हे अठरा वर्षांत कुणाला कळलं नाही, कारण ते बोलायचेच कमी.

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बायको शाळांचे गणवेश शिवायची आणि तिच्या मशीनशेजारी, वर्तमानपत्रावर, यांचं कार्बोरेटर उघडलेलं असायचं. शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल मोटरसायकलच्या चेनला जातं, ही तिची जुनी तक्रार.

"अहो, तेल पुन्हा अर्ध्यावर आलंय."

"उन्हानं उडालं असेल."

"घरात कुठलं ऊन?"

यावर ते स्पार्क प्लग पुसायला घेत.

रस्ते कोरडे झाले की क्लबचा हंगाम सुरू व्हायचा आणि धुकं पडायला लागलं की संपायचा. मधल्या महिन्यांत सहा-सात फेऱ्या. एक रक्तदानासाठी, एक वृद्धाश्रमाच्या गळक्या छपरासाठी, अशा. शेवटची फेरी दरवर्षी डोंगरापलीकडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेची. नव्वद किलोमीटर. डिकीत वह्या आणि कानाच्या यंत्रांच्या बॅटऱ्या.

पूर्णविरामांना सत्तर पूर्ण झाली त्या वर्षी कॅप्टनसाहेबांनी जाहीर केलं, "या फेरीत सगळ्यांच्या पुढे आपले पूर्णविराम!"

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर पूर्णविराम म्हणाले, "मला रस्ता माहीत नाही."

सगळे पोट धरून हसले. अठरा वर्षं ज्या रस्त्यानं गेले तो माहीत नाही म्हणे! पण ते खरंच सांगत होते. अठरा वर्षं त्यांनी फक्त पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाहिला होता. दिवा वळला की वळायचं, थांबला की थांबायचं. नाही म्हणण्याइतकं बोलणं त्यांना जमलं नाही, म्हणून ते पुढे झाले.

सकाळी आठला एकेचाळीस गाड्या निघाल्या. मागे कुणीतरी राहीलच, असं प्रत्येकानं धरून चालल्यामुळे मागे कुणीच राहिलं नाही. पूर्णविराम आरशात बघत हळूहळू चालवत होते. रेल्वे फाटकाच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि डावा धरला. पाऊण तासानं रस्ता एका फरशीच्या कारखान्याच्या आवारात जाऊन संपला. पांढऱ्या धुळीत एकेक गाडी आत शिरत गेली. पहारेकरी खुर्चीवरून उठला, वर्दीचं बटण लावलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मालक बाहेरगावी गेलेत."

"छापा नाही रे बाबा," कॅप्टनसाहेब म्हणाले, "आमचीच वाट चुकलीय."

हशा चालू असताना पूर्णविराम गाडीवरून उतरले आणि मोजत शेवटपर्यंत गेले. मग उलटं मोजत परत आले.

"एक कमी आहे."

"येईल हो मागून," कॅप्टनसाहेब म्हणाले. "आधीच उशीर झालाय. मुलं ताटकळली असतील."

"तुम्ही व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

पूर्णविरामांची गाडी तोवर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलीही होती.

अकरा किलोमीटर मागे, एका मोरीपाशी, त्यांना डांबरावर टायरचा काळा ओरखडा दिसला. तो कडेपर्यंत गेला होता आणि परत आला नव्हता. खाली कोरड्या ओढ्यात क्लबातलेच तारमास्तर पडले होते. नोकरीत वायरलेसवर असल्यानं त्यांना ते नाव पडलेलं. गाडी पायावर आडवी, खांद्याचं हाड मोडलेलं, पेट्रोल पँटवर ठिबकतंय. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसलं नसतं.

पूर्णविरामांनी आधी पेट्रोलचा कॉक बंद केला.

"तुम्ही तर पुढे होतात ना?" तारमास्तरांनी विचारलं.

"रस्ता चुकलो."

"हसवू नका हो, दुखतंय."

दुधाची गाडी थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. आणखी तासा-दोन तासांत पाय हातचा गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या. फेरी शाळेत पोचली ती जेवणवेळ उलटल्यावर. पूर्णविराम पोचलेच नाहीत. ते प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसून होते.

"एक गाडी कमी, तर इतकी कसली घाई झाली तुम्हाला?" पट्टा बांधून बाहेर आलेल्या तारमास्तरांनी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ही गोष्ट याआधी त्यांनी फक्त बायकोला, एकदाच सांगितली होती. नोकरीत ते ताफ्याच्या शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारा ट्रक चालवत. बर्फाच्या एका घाटात मालाचा एक ट्रक मागे राहिला. हुकूम आला, थांबू नका. ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा त्याचा ड्रायव्हर जिवंत होता, पण पायाची बोटं गेली होती. चौकशीत कुणालाच दोष लागला नाही.

उजवा हात गळ्यात असताना, रिकामा वेळ होता म्हणून, तारमास्तरांनी डाव्या हातानं पत्रं लिहायला घेतली. प्रत्येक पलटणीत त्यांच्या ओळखी होत्या. चार महिन्यांनी तो ड्रायव्हर सापडला. तीनशे किलोमीटरवर त्याची बेकरी होती.

रस्ते कोरडे झाल्यावर पूर्णविराम गेले. बायकोही मागे बसून गेली. "एकट्याला रस्ता सापडायचा नाही," म्हणाली. बेकरीवाला लंगडत बाहेर आला, दोघांना पिठाच्या पोत्यांमधल्या बाकावर बसवलं, चहा आणि गरम पाव दिला. पूर्णविरामांनी घसा साफ केला आणि घाट, हुकूम, सगळं सांगितलं.

बेकरीवाल्यानं उठून भट्टीचं दार लावलं.

"म्हणजे मागे राहिलेला तुम्हाला दिसलो होतो मी?"

"दिसला होतात."

"मला आजवर वाटायचं, मला झोप लागली म्हणून गाडी बाजूला गेली आणि कुणाला पत्ताच लागला नाही. चाळीस वर्षं स्वतःलाच शिव्या घातल्या."

"रागावलात?"

"आता कुणावर रागवू?" तो म्हणाला. "पण आधी कळवायला हवं होतं तुम्ही."

"हो," पूर्णविराम म्हणाले.

निघताना त्यानं बायकोच्या पिशवीत चार पाव घातले आणि मोठ्या रस्त्याला लागायचं कसं ते दोनदा समजावून सांगितलं. पूर्णविरामांना ते कळलं नाही. बायकोच्या लक्षात राहिलं. प्रत्येक वळणाआधी ती त्यांच्या खांद्यावर टिचकी मारत होती. उजवीकडे असेल तर उजव्या, डावीकडे असेल तर डाव्या. अंधार पडायच्या आत दोघं घरी पोचले.