किल्ल्यावर आईनं सांगितलं

मी अकोल्याहून निघालो त्या सकाळी आई फाटकापर्यंतही आली नाही. रडताना दिसू नये म्हणून आत भांडी घासत राहिली. "जा, उशीर होईल," एवढंच आतून म्हणाली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमधली सेमीकंडक्टरची नोकरी, मॉर्गेज, मुलीचं सॉकर, यात मी रुळलो. पण अकोल्यात घर आहे, त्यात आई आहे, या भरवशावर. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हा भरवसा ठाऊक असेल.

गेल्या मे महिन्यात ऑफिसच्या मीटिंगसाठी माद्रिदला गेलो. आईला म्हटलं, "तू तिकडून ये, वीकेंडला फिरू." सत्तरीची आई एकटी आली. दोन तास ड्राइव्ह करून एका खेड्यातला मध्ययुगीन किल्ला गाठला. तिकीट नाही, गाइड नाही. शेजारच्या घरातल्या आजीबाईंनी एप्रनला हात पुसत किल्ली आणून दिली. गुडघे दुखतात म्हणणारी आई थेट बुरुजावर चढली. खाली पंधरा-वीस कौलारू घरं, निम्म्यांची दारं बंद.

पाणी पिता पिता ती म्हणाली, "घर विकलं मी."

"कुठलं घर?"

"आपल्याला किती आहेत?"

मग तिनं सगळं सांगितलं. मार्चमध्येच ती सुलभामावशीबरोबर, म्हणजे शाळेत तिच्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीबरोबर, अमरावतीच्या वृद्धाश्रमात राहायला गेली होती. व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे निळी भिंत दिसायची. मला वाटलं, घराला रंग दिला असेल.

"मला एका शब्दानं विचारलं नाहीस?" माझा आवाज चढला.

"चँडलरचं घर घेतलंस तेव्हा तू फोटो पाठवलास. छान होतं." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अरे, संध्याकाळी दार लावलं की सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाशी बोलणं नाही. किती वर्षं काढायची तशी?"

उतरताना मी तिचा हात धरला नाही. तिनंही मागितला नाही.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी पासपोर्ट रिन्यू करायला बसलो. भारतातला कायमचा पत्ता विचारला होता. बोटांनी सवयीनं अकोला टाइप केलं. ते खोडून आईला फोन लावला. मागे बायकांचा हशा ऐकू येत होता.

"कॅरम चाललाय रे, राणी घ्यायचीय. पत्ता उद्या सांगते," म्हणत तिनं ठेवूनही दिला.

घर म्हणजे काय, तर ती जिथे फोन उचलेल ती जागा, एवढंच आता मला सांगता येतं. आणि दर वेळी उचलेलच असं नाही.