आईने शिवलेला पंख

मंडळी, आज आईला घेऊन लखनौहून पुण्याला आले. विमानात ती सारखी खिडकीबाहेरच्या पंखाकडे बघत होती.

ऐंशीच्या दशकात बाबांनी हौसेने दोन सीटचं जुनं विमान घेतलं होतं. त्याच्या पंखांवर कापड असायचं. ते जीर्ण झालं तेव्हा आईनेच हँगरमध्ये बसून नवं कापड मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं.

"भाभीजी, एकदम पक्का है," मेकॅनिक भैया टाके ओढून बघत म्हणाले.

तरी चाचणीच्या उड्डाणाला बाबा एकटेच निघाले, तर ही पदर खोचून शेजारी जाऊन बसली. "टाके माझे आहेत. मीही येणार."

आईचं शिवणकाम आभाळात चढताना खालून बघून माझ्या अंगावर काटा आला होता. आठवलं की अजून येतो.

आज विचारलं, "आई, भीती वाटतेय का?"

ती म्हणाली, "हा पंख ज्याने केला, तो कुठे बसलाय गं?"