वर्गातली चावरी

वर्तकनगरच्या एका बालवाडीत मी शिकवायला लागले तेव्हा आम्हाला आधी ट्रेनिंग दिलेलं. मुलांवर ओरडायचं नाही. खाली बसायचं, त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवायचा आणि शांतपणे बोलायचं. हे सांगणारी बाई स्वतः खुर्चीत बसून सांगत होती. त्यामुळे तिच्या गुडघ्यांना काही त्रास नव्हता.

माझ्या वर्गात साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. चावायची. रडारड नाही, राग नाही. शेजाऱ्याचा दंड जवळ आला की कणीस खावं तशी चावायची आणि परत मणी ओवायला बसायची. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दातांच्या ठशांचे फोटो यायचे. त्याखाली कुणाचे तरी आजोबा गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकायचे.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिला जरा बाजूला बसवा. विचार करू दे."

बसवलं. पाच मिनिटांनी विचारलं, "काय विचार केलास गं?"

"डब्यात काय असेल?"

एवढं प्रामाणिक उत्तर आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही कधी कुणी दिलं नव्हतं.

एकदा डब्याआधी हात धुवायच्या रांगेत ती पुढच्या मुलाला चावली. मला ट्रेनिंग आठवलं. खाली बसले, डोळ्यांना डोळा भिडवला आणि मधाळ आवाजात म्हटलं, "बाळा, आपले दात कशासाठी असतात?"

ती माझ्या नाकाला चावली.

मी बोंब ठोकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. उठायला गेले तर गुडघे धरलेले, म्हणून तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारली. ती जवळ आली, नाक नीट निरखून बघितलं.

"टीचर, तुला लागलं?"

"खूप लागलं गं."

तिने नाकावर फुंकर मारली. चांगली मोठी, थुंकीसकट.

"का चावतेस तू?" मी अगदी साधं विचारलं. मधाळ आवाज काढायचं त्राणच नव्हतं.

"ते ढकलतात."

तेवढ्यात मागून एक पाण्याची बाटली माझ्या कानावर आदळली, पाठोपाठ कुणाचं तरी कोपर. उभं राहून बघताना ही रांग फार गोड दिसायची. खाली बसल्यावर कळलं, मीसुद्धा चावले असते.

"कुणी ढकललं की मोठ्याने म्हणायचं, सरक!"

"तुलापण म्हणू?"

"मलापण."

त्या दिवशी सगळ्या वर्गाकडून मी ते घोटून घेतलं. नळावरही तिघातिघांनाच सोडायला लागले. चावणं काही लगेच थांबलं नाही. कधी ती तोंड उघडायची, दंडापर्यंत पोचायची, मग आठवायचं आणि तसंच तोंड वासून "सरक!" ओरडायची. शेजारचा घाबरून आपोआप सरकायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ग्रुपवर नुसती फुलंच उरली.

मग एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. वर्गाच्या दारात पोट पुढे काढून कौतुकाने उभे राहिले. हिला बाहेर जायचं होतं. "सरक!" ती खणखणीत ओरडली. अध्यक्ष सरकले. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं.

तिची आजी माजिवड्याला मासळी विकायची. दुपारी तिला न्यायला आली तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "आजी, आज ती मोठ्या साहेबांना सरक म्हणाली. हे मीच शिकवलंय तिला."

"मंग काय झाला? चावन्यापरीस बरा हाय ना?" आजी म्हणाली. "बाजारान बसाचा तं तोंड लागतंच."

रिक्षा करायची की चालत जायचं, यावरून दोघी भांडत निघाल्या. कोपऱ्यावरून वळेपर्यंत आवाज येत होता. भांडण जोरात होतं, पण नुसतं तोंडी.