किती कांड्या राहिल्या

रुपानं काढलेल्या एकाही लग्नात पाठवणी नाही. हळद आहे, बांगड्या भरणं आहे, नवरीच्या हातावरची मेंदी इतक्या जवळून काढलेली आहे की तळव्याच्या रेघा वाचून घ्याव्यात. अक्षताही आहेत. अन् तिथंच अल्बम संपतो. पोरगी मांडवातच बसून राहिल्यासारखी वाटते. बाया चिडवतात, "रुपे, तुझ्या फोटोतल्या पोरी लई नशीबवान बग. सासरी जातच न्हाईत."

रुपाही हसते. कारण साऱ्या डोंगरकडा गावाला ठाऊक आहे. पाठवणीच्या आधी तिची बॅटरी संपते, अन् बॅटरी संपली की घर गाठायचं, असा तिच्या सासूचा कायदा आहे.

सासू म्हणजे धुरपताबाई. अंगानं काटकुळी, कंबरेला चाव्यांचा जुडगा, आवाज केळीच्या बागेच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. तिचा लेक विजयकुमार यानं एके काळी बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ टाकला होता. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, स्टुडिओत माशा बसायला लागल्या, अन् विजयकुमार शटर ओढून बापाच्या वावरात परत आला. गळ्यात अडकवायचा तो मोठा कॅमेरा तुरीच्या डाळीच्या कोठीत जाऊन पडला.

तिथून तो रुपानं काढला. शेजारच्या जनकाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं अन् कळमनुरीहून येणारा फोटोवाला आलाच नाही. रुपा गेली. गड्याच्या समोर ज्या बाया पदर दातात धरून बसतात, त्या रुपासमोर एकमेकींच्या अंगावर रेलून खिदळल्या. ते फोटो गावभर फिरले, अन् मग बाया धुरपताबाईलाच विचारायला येऊ लागल्या, "मामी, रुपाला धाडाल का?" एवढ्या मानानं विचारल्यावर नाही म्हणवेना. मोकळं सोडवेना तेही खरंच.

"किती वेळ चालतं तुझं हे?" तिनं सुनेला विचारलं.

"बॅटरी असंल तवर, आत्याबाई."

"मंग बॅटरी असंल तवर ऱ्हा. संपली की उठायचं. तिथं जेवत बसायचं काम न्हाई."

रुपाला वाटलं, सासू बोलून गेली, विसरून जाईल. धुरपताबाईला अक्षर येत नाही, पण मोबाईलच्या टॉवरच्या कांड्या तिला बराबर कळतात. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या कांड्या कळायला तिला एक चहाचा वेळ पुरला. तेव्हापासून रुपा निघाली की ओसरीवर तपासणी. "तीन. जाय." परत आली की पुन्हा तपासणी. मधेच फोन. "किती कांड्या राहिल्या? एक? मंग काहून बसलीस अजून?" मांडवातल्या बायाही शिकल्या. नवरीची आई वाढता वाढता ओरडायची, "रुपाच्या किती राहिल्या गं? आदी फोटू उरका, मंग पंगत!"

अशा जिण्यात माणूस जे शिकतं, ते रुपा शिकली. मागचा पडदा बंद ठेवायचा, एक डोळा मिटून भोकातूनच बघायचं. झगमग लाईट मारायचा नाही, नवरीलाच दाराच्या उजेडाशी ओढायचं. दोन फोटोंच्या मधे कॅमेरा बंद. फोटो थोडे काढायचे अन् वेळ जास्त काढायचा. माहेरी असताना ती तासन् तास नुसती नदीवर बसायची. आता घराबाहेर बसायचं तर बॅटरीतून चिमटीचिमटीनं वेळ काढावा लागे.

पण बॅटरी म्हातारी झाली. पोटातून फुगली. जनकाबाईच्या नातीच्या बारशात लेकराला पाळण्यात घालायच्या आधीच कॅमेरा मिटला. जनकाबाईनं सगळ्यांसमोर हात जोडले, "माय रुपे, पुढच्या बारीला आमी लेकराचं नाव आदल्या दिशीच ठिवून घेऊ, म्हंजे तुझ्या बॅटरीत बसंल." त्या दिवशी धुरपताबाईलाही लाज वाटली. नवी बॅटरी घ्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात शिरड शहापूरहून रुपाच्या मावशीचा, आशाबाईचा, फोन आला. "माझ्या पुनमचं लग्न तूच काढायचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत. जमत नसंल तं आत्ताच सांग, मी दुसरा माणूस सांगून ठिवते. आर्धं लग्न मला नगं."

"जमतं मावशी," रुपा म्हणाली. घरात कोणाला विचारायच्या आधी म्हणाली. फोन ठेवला अन् फुगलेली बॅटरी उलटीपालटी करून बघितली.

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी नवरा-बायको गाडीवर निघाले. कुलदीपचं दुकान मोबाईलच्या काचा अन् चार्जरांनी गच्च भरलेलं. त्यानं फुगलेली बॅटरी हातात घेतली अन् लांब धरली. "वहिनी, ही बॅटरी हाय का पुरी?"

त्यानं काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक कंपनीची, डबीवर चकाकणारा शिक्का. दुसरी तशीच दिसणारी, दुसऱ्याच कुणाची, एका पाकिटात दोन. "ही ओरिजनल. अन् ही ओरिजनलसारखी. हिची जोडीच येते. एक घातली, एक पर्समधी."

"दोन कशाला?" विजयकुमार म्हणाला. "एक संपली की घरीच यायचं असतं नं."

तो वाईट बोलला नाही. केळी मोजावीत तसं सरळ बोलला. रुपा काचेखालच्या चार्जरांकडे बघत राहिली. प्रत्येकाची वायर गोल गुंडाळून रबर लावलेली होती.

"मावशीचं दिवसभराचं हाय," ती म्हणाली. "कंपनीची घ्या."

"थांब, मायला विचारू." त्यानं फोन लावला, अन् दुकानातल्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. मग काय, सारं दुकान धुरपताबाईच्या ताब्यात.

"दुकानदाराला दे! अरे लेकरा, ती भारीतली किती टिकती?"

"मावशी, एकदम मस्त माल. दिवसभर टेन्शन न्हाई!"

"दिवसभर?" पलीकडून कोंबड्या हाकलल्याचा आवाज. "ती नगं. दुसरी?"

"दुसरी तिच्या निम्मी. पण मावशी—"

"त्याच्याहून कमी टिकणारी हाय का?"

कुलदीपनं फोनकडे पाहिलं, मग विजयकुमारकडे पाहिलं. "भाऊ, इतकी वर्सं धंदा करून राहिलो. जास्त चालणारी सगळेच मागतात. कमी चालणारी मागणारं गिऱ्हाईक पह्यल्यांदाच आलं."

मागं काच बसवायला थांबलेला एक म्हातारा फिस्सकन हसला. विजयकुमारचे कान लाल झाले. तो फोन कानाला लावून बाहेर गेला, "माय, हळू बोल, लोक ऐकून राहिलेत."

कुलदीप रुपाकडे वाकला. "वहिनी, नंतर भांडायला येऊ नका म्हणून आधीच सांगतो. ह्या डुप्लिकेटची आपल्या कॅमेऱ्याला ओळख पटत न्हाई. घातली की फुल्ल दावते. निम्मी झाली तरी फुल्ल. शेवटच्या फोटोलाबी फुल्ल. मंग एकदम अंधार. किती राहिली, ते देवालाबी कळत न्हाई."

रुपानं ते ऐकलं. पुन्हा मनात ऐकलं. तोंडावरची रेघ हलू दिली नाही.

विजयकुमार आत आला. "माय म्हणती, दुसरीच घ्या."

"तुमच्या मायला काय कळतं कॅमेऱ्यातलं?" रुपा फणकारली. "मला कंपनीचीच पायजे."

"उगं ऱ्हा. बांध रे जोडी."

कळमनुरी ते डोंगरकडा ती गाडीवर तोंड फुगवून बसली. तेवढं सोंग करणं भागच होतं.

घरी जोडीचं पाकीट धुरपताबाईनं फोडलं. एक बॅटरी सुनेच्या हातावर ठेवली, दुसरी आपल्या पत्र्याच्या पेटीत, बांगड्यांच्या डब्याशेजारी. कुलूप लागलं. "एक कॅमेऱ्यात, एक घरात. बराबर?"

"बराबर," रुपा म्हणाली. दोनाची एक झाली होती, अन् तीही निम्मी.

लग्नाच्या दिवशी पहाटेच विजयकुमारनं तिला शिरडला सोडलं अन् तो वावरातली हळद शिजवायच्या भट्टीवर परत गेला. रुपानं काम सुरू केलं. पुनमच्या गालावरची हळद, आशामावशीचे विटेच्या रंगाचे पाय, मामाच्या डोक्यावर न मावणारा फेटा. नेहमीसारखी ती कोपऱ्यात बघायची अन् कोपरा सांगायचा, फुल्ल. आधी तिला गंमत वाटली. मग भीती वाटायला लागली. आजवर सासू मोजायची तशी तीही मोजायची. किती राहिलं ते दोघींनाही कळायचं. आता प्रत्येक फोटो विहिरीत टाकलेल्या दगडासारखा. कधी टक्कन वाजेल, सांगता येत नव्हतं. अक्षता पडायच्या वेळी तिनं चारच फोटो काढले अन् कॅमेरा बंद करून छातीशी धरला.

दुपारी फोन आला. "किती कांड्या राहिल्या?"

"फुल्ल हाय, आत्याबाई."

"खोटं बोलतीस?"

"इथं कुणालाबी बगायला लावा."

पुनमच्या आत्यानं फोन ओढून घेतला. "व्हय माय, फुल्ल हाय! मी बगून राहिले नं!" ऊन उतरलं तेव्हा पुन्हा फोन, पुन्हा फुल्ल. धुरपताबाई तिसऱ्यांदा काय बोलणार? बॅटरी असेल तोवर राहायचं, हा कायदा तिचाच होता.

जीप मांडवाच्या दाराशी लागली तेव्हा बायांनी गळे काढले. पुनम रडली नाही. तिनं आईच्या खांद्यावरून एकदा घराकडे पाहिलं, जशी एखादी बाई गॅस बंद केला का ते बघते. रुपानं ते टिपलं. आशामावशीनं लेकीच्या ओटीतले तांदूळ पुन्हा पुन्हा सारखे केले. तेही टिपलं. पुनम जीपमधे बसली, कुणीतरी दार लावलं, अन् शालूचा काठ दारात अडकला. जीप तशीच हलली. बाहेर राहिलेला वीतभर काठ धुळीत फडफडायला लागला. रुपा पळाली, एक डोळा मिटून पळाली, अन् बटण दाबलं. खट् आवाज आला. पुन्हा दाबलं. अंधार.

डोंगरकड्याच्या पाव्हण्यांच्या जीपनं तिला घरी सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. धुरपताबाई ओसरीवर होती. हात पुढं. कॅमेरा घेतला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"दुपारी फुल्ल. मंग फुल्ल. अन् आता येकदम मेली?"

"तशीच हाय ती. तुमीच पसंत केली."

धुरपताबाईनं सुनेकडे पाहिलं. रागावणार असं वाटत होतं, पण ती उठली, पेटी उघडली, दुसरी बॅटरी आणून दिली. "घाल. दाव मला."

दोघी दिव्याखाली बसल्या. पाठवणी आली तशी धुरपताबाई पुढं वाकली. शालूचा काठ दारात अडकलेला शेवटचा फोटो आला होता, थोडा हललेला, पण आला होता. म्हातारीनं तो बोटानं दाबून पाहिला. कोपऱ्यातल्या कांड्याही पाहिल्या. फुल्ल.

"ह्या कांड्यांचा आता भरवसा न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या बारीपासून मीच येत जाते संगं. माझी कंबर दुखली की उठायचं."

रुपानं संपलेली बॅटरी चार्जरला लावली. लाल दिवा लागला. भिंतीपलीकडे विजयकुमार भाकरी मागत होता.

सकाळी जनकाबाईचा निरोप आला. थोरल्या नातवाचं जावळ काढायचं होतं. रुपा कुडाशी गेली अन् आवाज खाली घेऊन म्हणाली, "काकू, येते. पण माझ्या सासूबाईबी यायच्यात. त्यायच्यासाठी एक खुर्ची काढून ठिवा."

"पाटावर न्हाई का बसणार ती?"

"पाटावर नगं. हात असलेली खुर्ची. पाठ टेकायला उंच पायजे. सावलीत ठिवा, अन् पायाखाली पाट द्या."

"इतकं? अन् चहा?"

"दोनदा," रुपा म्हणाली. "अन् तुमच्याकडं ते कंबरंला लावायचं तेल अस्तं नं, ते बी जवळ ठिवा."