सुजाताने आईला न सांगितलेलं

तास संपला की सुजाता जाधव डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची आणि मगच खडू खाली ठेवायची. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "लिहून आखडतात गो. चहाचा गरम ग्लास धरला की येतात ताळ्यावर."

संगमेश्वरकडच्या खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातली ही मुलगी, त्यांच्या वाडीतली पहिली डॉक्टरेट. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो की चपला हातात घेऊन ती आपला विषय मला समजावत राहायची. "आपल्या डीएनएत काही ठिकाणी तोच तो मजकूर हजारदा लिहिलेला असतो. कितीतरी वर्षं लोक त्याला कचरा म्हणाले. पण पेशी त्याच्यावरूनही आरएनए, म्हणजे त्याची नक्कल, उतरवून घेते. त्यापासून प्रथिन बनत नाही, तरी तो कामाचा. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना जिथे धरून ओढतात ना, तिथली प्रथिनं जागेवर बसवायला तो मदत करतो. नाहीतर वाटणीच चुकते." मी नुसती हं हं करायचे. मग ती हसायची. "तुमच्या मराठीत 'जो जो'चा अर्थ काय गो? काहीच नाही. पण पोर झोपतं ना?"

स्टाफरूममध्ये कुणी एखाद्या विद्यार्थिनीला ढ म्हटलं तरी ती चिडायची. "काय करतेय ते बघितल्याशिवाय टाकाऊ म्हणू नका हां कुणाला!"

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. वर्गात ती खुर्चीवर बसून शिकवू लागली, एवढाच फरक. मुलगी झाली. पण बाळ रडलंच नाही. हातपाय लुळे, दूध ओढता येईना, श्वासही नीट घेता येईना. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, मग सुजाताकडे वळून म्हणाले, "बाई, मूठ घट्ट मिटा. आता पटकन उघडा."

मूठ उघडेना. पुढचं डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. सुजाता त्या मुठीकडे बघत राहिली.

बाळ वाचलं नाही.

"एका जनुकाच्या टोकाला तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात," पुढे तिनेच मला सांगितलं. "सगळ्यांत थोडी असतात. माझ्यात फार वाढलीत. त्यांच्यावरून उतरलेला आरएनए इतर कामांना लागणारी प्रथिनं पकडून ठेवतो, मग स्नायू सैल पडत नाहीत. बाळात तर ती कितीतरी जास्त होती, म्हणून ते लुळंच जन्मलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पेशी बघत बसले गो मी. स्वतःचा हात नाही बघितला."

"तुझ्यात कुठून आलं?"

"आईकडून. तिच्यात कमी असणार. तिला फक्त मोतीबिंदू झाला, तोही फार लवकर. पुढच्या पिढीत ते वाढत जातं."

"त्यांना माहीत आहे?"

"विचारते सारखी, कोणाकडनं आलं म्हणून. मी सांगते, माझ्यातच झालं. खरं सांगून काय देऊ तिला? नात गेल्याचं ओझं?" तिने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. "वर्गात मी कधी खोटं बोलले नाही. हे एवढंच."

ती पुन्हा कॉलेजात आली. त्या वर्षीही पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा तो धडा तिनेच शिकवला. "या आजारातला आरएनएसुद्धा रिकामा बसत नाही, फक्त नको ते करतो," असं सांगताना ती अडखळली नाही, हे मुलींकडून कळलं. स्टाफरूममध्ये आल्यावर मात्र तोंडावर पदर घेऊन बसून राहिली. आम्ही कुणी तिच्याजवळ जाऊ शकलो नाही.

या आजारात हृदयाचे ठोकेही अडखळतात. छातीत यंत्र बसवायचं ठरलं होतं, तारीखही मिळाली होती. त्याआधीच एका सकाळी प्रयोगशाळेच्या जिन्यात ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तिच्या गावी गेले. वंदना झाली, माणसं जेवायला बसली. तिची आई मला मागच्या पडवीत घेऊन गेली. जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, तू तिची मैत्रीण. शिकलेली. खरां सांग. माझ्याकडनाच आला ना ह्या तिला?"

मी परसातल्या केळींकडे बघत म्हणाले, "नाही हो आई. तिच्यातच झालं ते."

म्हातारीने पदराने चष्मा पुसला.

"तीपण असाच सांगायची," ती म्हणाली. "माझ्याकडं न बघता."