पुसलेलं कासव

समुद्रातल्या तेलविहिरींचं तेल मासे-कासवांपर्यंत कसं पोचतं, हे तपासणं माझं काम. प्रयोगशाळा अंधेरीत, नमुने वर्सोव्याचे. तिथली एक कोळीण बारा वर्षं माझ्यासाठी मासे बाजूला काढून ठेवते. मी कमी बोलतो. ती कसर ती भरून काढते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. नवऱ्याच्या जाळ्यात कासव आलं होतं. जिवंत, पण काळ्या तेलाने माखलेलं. कोळ्यांनी तेल कंपनीविरुद्ध तक्रार केली होती आणि पुरावा नव्हता. हे तेल विहिरीचं ठरलं, तर तक्रार टिकणार होती.

पोचलो तर हळदकुंकू, नारळ तयार. जाळ्यात आलेलं कासव ही माणसं पूजा करून परत सोडतात. आणि देव मळका कसा पाठवायचा, म्हणून तिने डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्याला पुसायला घेतलं. काचेची बरणी धरून मी चार पावलांवर उभा. नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पूजेत मध्येच कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. मग मानेच्या वळीत उरलेलं तेल खरवडून घेतलं.

फॉर्मवर रकाना असतो : नमुना घेण्याआधी काही लावलं होतं का? मी 'नाही' लिहिलं. 'होय' लिहिलं असतं तर नमुना बाद, आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांना तोंड कसं दाखवणार?

तपासणीत कच्च्या तेलात डिझेल मिसळलेलं निघालं. कंपनीचा वकील म्हणाला, हे तर मच्छीमारांच्याच बोटींचं. तेव्हापासून ऑफिसचा फोन वाजला की ताटावरून उठतो. जेवण जात नाही. घरी ॲसिडिटी म्हणून सांगतो.

मागच्या रविवारी बाजारात, पापलेट साफ करता करता तिने विचारलं, "दादा, आमचाच डिझेल निघाला म्हनं?"

सांगून टाकलं. फॉर्मचंसुद्धा. शेजारची मासेवाली हसली, म्हणाली, घे, तुझा देव तुलाच बुडवून गेला. ही हसली नाही. कोयता बाजूला ठेवून म्हणाली,

"मंग तवाच थांबवायचा ना मला. देव काय, घटकाभर मळका बसला असता."

सुनावणीत खरं सांगितलं तर बोटींवरचा ठपका जाईल, पण तक्रारीचा एकमेव पुरावाही जाईल, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे, खोट्याच्या जिवावर आम्हाला भांडायचं नाही.

सोमवारी सुनावणी आहे. गल्लीतल्या चौघींना घेऊन ती येणार आहे. मी काय बोलणार, हे तिला माहीत आहे. साहेबांना अजून नाही.