ताईंचं ‘खरं सांगू का’

ताईंनी अठरा वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती. गाडी सुटली असेल तर सुटली, रद्द असेल तर रद्द, असं त्या तोंडावर सांगत. लोक चिडत, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच विचारत. मग तिथे एक यंत्र बसलं आणि ताई मेथीदाण्याच्या अर्काच्या कंपनीत फोनवर बसल्या.

इथे समोर उत्तरांचा छापील कागद असे. साखर, पचन, चरबी, सांधे, बाळंतिणीचं दूध, पुरुषांचा उत्साह, सगळ्यांवर उपाय त्या एकाच तपकिरी बाटलीत.

"केस गळत असतील तरी घ्या आणि नको तिथे उगवत असतील तरी घ्या," शेजारच्या टेबलावरची बाई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची.

ताईंना माहिती नसताना बोलायची सवय नव्हती. कपाटात संशोधनाच्या कागदांचा एक गठ्ठा होता, दोरीसकट जसाच्या तसा. तो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, पोळीभाजी खाता खाता वाचून काढला.

एका दुपारी एका निवृत्त मास्तरांचा फोन आला.

"साखरेच्या गोळ्या कालपासून सोडल्यात. नुसत्या अर्कावर भागेल ना?"

कागदावर होतं, ‘अवश्य. निसर्गावर विश्वास ठेवा.’ ताईंची जीभ काही वळेना.

"खरं सांगू का, मास्तर," त्या म्हणाल्या, "मेथीनं साखर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास छोटे आहेत. गोळ्या सोडण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आता आजच त्यांना फोन करा. आणि गोळ्यांबरोबर अर्क घेतला तर साखर जास्तच खाली जाऊ शकते, म्हणून तेही विचारून घ्या."

हे सगळं कंपनीच्या यंत्रात टेप झालं होतं. व्यवस्थापकानं बोलावून घेतलं.

"तुम्ही माल विकताय की गिऱ्हाईक परत पाठवताय?"

ताईंनी खणातला डबा पिशवीत भरायला घेतला. पण तेवढ्यात मास्तरांचा पुन्हा फोन आला. डॉक्टरांना विचारून झालं होतं, आणि त्यांनी आपल्यासाठी, बहिणीसाठी बाटल्या मागवल्या. हळूहळू कळलं की ताईंशी बोललेले लोकच जास्त माल घेतात. व्यवस्थापकाचा सूर बदलला.

"तुमच्या त्या ‘खरं सांगू का’मध्ये जादू आहे. छापूनच घेऊ."

नवा कागद आला. ‘खरं सांगू का.’ पुढे सूचना, इथे दोन सेकंद थांबावे. आणि मग, ‘अवश्य घ्या.’

"माझं पुढचं वाक्य कुठे गेलं?" ताईंनी विचारलं.

"लांबत होतं."

महिनाभरानं व्यवस्थापक स्वतःच ताईंच्या टेबलाशी आला. हातपाय थरथरत होते, कपाळ घामानं भिजलेलं, आणि अंगाला मेथीचा अर्क घेणाऱ्यांना येतो तसा साखरेच्या पाकासारखा वास.

"साखरेच्या गोळ्यांबरोबर अर्कही घेतोय. ताई, मला खरं सांगा. कागदातलं नको."

ताईंनी आधी त्याला साखरेचं पाणी पाजलं, मग रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. परतताना त्यांनी सांगून टाकलं, "फोनवर यापुढे मी सगळ्यांशी पूर्ण वाक्यच बोलणार."

कागद काही व्यवस्थापकानं बदलला नाही. फक्त ताईंच्या टेप ऐकणं तेवढं बंद केलं.